मुलाला हायस्कूल सॉकर सोडायचंय, सोडू द्यावं का?

सुमेधा_जर्सी:
आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा यंदा सोफोमोर म्हणजे दहावीत. गेल्या वर्षी फ्रेशमन टीममधे भरपूर खेळायला मिळायचं. ऑगस्टमधे ट्रायआउट झाल्या, जेव्हीत (शाळेची दुसऱ्या फळीची टीम) घेतलंय पण सारखा बेंचवर, मॅच हातातून गेली किंवा पक्की जिंकली की मगच शेवटी थोडा वेळ उतरवतात. बरोबरचे दोघं मित्र थेट व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममधे गेले ते जास्तच लागलंय त्याला. घरी आला की बूट भिरकावतो आणि म्हणतो मी सोडतो. नवऱ्याचं म्हणणं सीझन पूर्ण करायचाच, चिकाटी अशीच येते. मला कळत नाहीये की बेंचवर बसून चिकाटी येते का आहे तो आत्मविश्वास पण जातो?

लेफ्टबॅक:
ताई मी इथेच वाढलोय, हायस्कूलला लेफ्ट बॅक होतो आणि बराच काळ बेंचवरच. मला काय आलं असेल ते मॅचमधे नाही, प्रॅक्टिसमधे आलं, कारण रोज आमच्या बेस्ट विंगरला मलाच अडवायला लागायचं, तो मला रोज चकवून जायचा आणि मग हळूहळू कमी जायला लागला. एक करा, तुम्ही कोचला मेल करू नका, खेळायला किती मिळतं यावर बहुतेक कोच पालकांशी बोलतच नाहीत. मुलानेच जाऊन विचारायचं की मी नक्की काय सुधारू. १५ वर्षाच्या पोराला हे विचारायला जाम जड जातं, खरी चिकाटी तिथे लागते. आणि हायस्कूलच्या नियमात बाहेर आलेला प्लेयर परत आत जाऊ शकतो, त्यामुळे कोचला वाटलं तर तो मधेच दहा मिनिटं देऊन बघू शकतो.

रंकाळा_विंग:
कोल्हापुरातून लिहितोय. तुमच्याकडं निदान सप्टेंबर ते नोव्हेंबर मॅचेस तरी असतात हो, आमच्याकडं शाळेच्या स्पर्धा म्हणजे नॉकआउट, सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत एक हरलं की विषय संपला, पुढच्या वर्षी या. तरी पोरं टिकतात कारण शाळा सुटली तरी पेठेत तालमीची टीम असते, शाहू स्टेडियमवर खेळायचं स्वप्न असतंय. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला, पण त्याचं उदाहरण पोराला देऊ नका, वैतागेल. त्याला खेळायला ग्रुप आहे का बघा, एकट्याची जिद्द फार दिवस पुरत नाही.

मीनल_के:
मी थोडं उलट बोलते. या वयात मुलांची वाढ इतकी मागेपुढे असते की एकाला मिशी फुटलेली आणि दुसऱ्याचा आवाज पण फुटलेला नाही, आणि ट्रायआउटला दोघं शेजारी उभे. त्यात मागे पडला म्हणजे खेळ येत नाही असं नव्हे. तुमच्याच राज्यातली डेलरनची कार्ली लॉइड, तिला अमेरिकेच्या अंडर-२१ टीममधून काढलेलं, आणि २०१५ च्या महिला वर्ल्डकप फायनलला पहिल्या १६ मिनिटांत हॅटट्रिक. पण तिला मुळात खेळायचं होतं! तुमच्याला खेळायचंय की फक्त मित्रांबरोबर राहायचंय ते आधी विचारा. नसेल खेळायचं तर पुढच्या फॉलला क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचं पळणं) करू दे, तिथे सहसा कुणाला कट करत नाहीत, आणि पळण्यात चिकाटी कमी लागते असं कोण म्हणेल.

सुमेधा_जर्सी:
सगळ्यांना थँक्यू. मीनल, विचारलं, म्हणाला खेळायचंय पण असं नाही. मग काल कोचकडे स्वतःच गेला (मी गाडीतच बसून होते, जीव खालीवर). कोच म्हणाले डावा पाय कच्चा आहे आणि बॉल गेला की तू उभाच राहतोस, मागे पळत नाहीस. चिडलाय पण सीझन संपेपर्यंत थांबतो म्हणतोय, पुढचं नंतर. आता डाव्या पायासाठी रिबाउंडर (मारलेला बॉल परत पाठवणारी जाळी) मागतोय, घ्यावा का, की गॅरेजच्या भिंतीवर भागेल? शेजारचे आजोबा दुपारी झोपतात हो.

लेफ्टबॅक:
भिंत बेस्ट. आजोबा उठल्यावर.