अनुभव धागा: सायन्सला मार्क कमी होते, तरी मेडिकलला जायचं होतं

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. मुलीचा बारावीचा निकाल लागला, फिजिक्स 44, केमिस्ट्री 52, बायो 81. डॉक्टर व्हायचंय हे ती आजीच्या डायलिसिसला माझ्याबरोबर बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, यायची तेव्हापासून म्हणते, पाचवीत होती तेव्हा. निकालाच्या दिवशी जो तो घरी येऊन "साधी बीएस्सी कर बाय" सांगून गेला आणि ती रात्री जेवली नाही. मला सल्ले खूप मिळालेत, अनुभव हवेत. तुमचे किंवा तुमच्या मुलांचे, जमलं त्यांचे आणि नाही जमलं त्यांचेही. सविस्तर लिहा, ती स्वतः वाचणार आहे.

चोडण, एमबीबीएसची इंटर्नशिप संपली

ताई, मुलीला सांगा मला फिजिक्सला तिच्याहून कमी होते, 39. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत, गोव्यात आपल्या कितीतरी मुलांचं असंच होतं, शब्द पाठ होतात पण त्यामागचं काही डोक्यात शिरत नाही. दहावीपर्यंत पाठांतरावर निभावलं, अकरावीत फिजिक्सने पकडलं. 2018 च्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, तर मी फिजिक्सचे 45 च्या 45 प्रश्न सोडवले, येत नव्हते ते पण. 12 बरोबर, 33 चूक. म्हणजे बरोबरला चार धरून 48 मिळाले आणि चुकीला एक असे 33 कापले गेले, 180 पैकी हातात 15.

परत नीट द्यायला एक वर्ष ड्रॉप घेतलं, कॉलेजला न जाता नुसती तयारी. शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाले तुझं फिजिक्स कच्चं नाही, तुझं गणित नववीत अडकलंय. दीड महिना त्यांनी मला अकरावीचं पुस्तक उघडू दिलं नाही. गुणोत्तर, घातांक, त्रिकोणमिती, बहिणीची नववी-दहावीची पुस्तकं घेऊन बसायचो आणि लाज वाटायची. मग व्हेक्टरला, म्हणजे दिशेसकट मोजायच्या राशींना, आलो तेव्हा मला रायबंदरच्या फेरीत घेऊन गेले. म्हणाले बघ, बोटीचं नाक समोरच्या धक्क्याकडे आहे का? नव्हतं. ओहोटीला मांडवी नदीचं पाणी समुद्राकडे ओढतं म्हणून फेरी चालवणारा नाक वरच्या अंगाला धरतो, आणि तरी बोट बरोबर पलीकडच्या धक्क्याला लागते. भरतीला उलटं. मी लहानपणापासून त्या फेरीत बसतोय आणि हे कधी बघितलंच नव्हतं! त्यानंतर नदी आणि बोटीचं गणित माझं परत चुकलं नाही.

2019 ला फिजिक्सचे फक्त 32 सोडवले, 26 बरोबर 6 चूक, 98 मार्क. बायो म्हणजे अर्धा पेपर असतो, 720 पैकी 360, त्यात मला 310 मिळाले. बांबोळीला सीट मिळाली. तुमच्या मुलीला बायोला 81 आहेत, तिने ते आधी धरून ठेवावं, फिजिक्सच्या भीतीने बायोचा वेळ खाऊ नये. माझ्याबरोबर ड्रॉप घेतलेल्या दोघांचं तसंच झालं, वर्षभर फिजिक्स फिजिक्स करत राहिले आणि बायोत घसरले.

काणकोण, दातांची डॉक्टर

माझं दुःख वेगळं आहे. 2017 ला मला फिजिक्स 43, केमिस्ट्री 48, बायो 72 होते. कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं की प्रत्येक विषयात 50 लागतात, तुझं नाव बाद. आम्ही घरचे सगळे साधे, विश्वास ठेवला, नीट दिलेली असूनसुद्धा पर्वरीला प्रवेशाचा फॉर्म भरायला गेलोच नाही. तेव्हाचा नियम खरं तर असा होता की तिन्ही विषयांत पास हवं आणि तिन्हींचे मिळून जनरलला 50 टक्के, ओबीसी, एससी, एसटीला 40. माझे मिळून 163 म्हणजे 54 टक्के होत होते, मी पात्र होते. एक वर्ष गेलं. आजही ते आठवलं की पोटात तुटतं. पुढच्या वर्षी परत नीट देऊन गोवा डेंटलला आले. नियम बदलत असतात म्हणून माझे आकडे धरू नका, यंदाचं माहितीपत्रक स्वतः, ओळ न ओळ वाचा, दोघींनी मिळून. ऐकीव माहितीवर काही सोडू नका.

पेडणे, वडील

परदेशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलगा नीट फक्त क्वालिफाय झाला होता, सीट मिळण्याइतके मार्क नव्हते. एजंट घरी आला, म्हणाला तिकडे बारावीचे मार्क कोण बघत नाही, सहा वर्षांत डॉक्टर करून देतो. काजूचं भाट, म्हणजे बाग, बँकेकडे तारण ठेवलं. त्याने जे सांगितलं नाही ते मी सांगतो. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकलेल्यांची इथली परीक्षा, पास व्हावं लागतं, 300 प्रश्न, 150 बरोबर यावे लागतात. तिकडे शिकवणं इंग्रजीत होतं पण पेशंट त्यांच्या भाषेत बोलायचे, वॉर्डात मुलगा नुसता उभा राहायचा, त्यामुळे पेशंटवरचं प्रत्यक्ष शिक्षण कमी पडलं. आणि बारावीचं जे कच्चं होतं ते तिकडेही कच्चंच राहिलं, फिजिऑलॉजीत पहिल्याच वर्षी अडकला. पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे, आज काम करतोय. पण ती मधली वर्षं घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

साखळी, नर्स

तीनदा नीट दिली. तिसऱ्यांदा कोविडमुळे परीक्षा 13 सप्टेंबरला गेली, गणपतीची चवथ 22 ऑगस्टला होती, घरात माटोळी, गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधत होते आणि मी आतल्या खोलीत ऑरगॅनिक केमिस्ट्री. नाही झालं. महिनाभर कोणाला तोंड दाखवलं नाही. मग बीएस्सी नर्सिंग. आता आयसीयूत आहे. पहिल्या वर्षी राउंडला डॉक्टर आले की आत काहीतरी टोचायचं, ते कधी थांबलं ते मला कळलं नाही. बाय, तू प्रयत्न कर, मनापासून कर, पण किती वेळा करायचं ते आजच आईबरोबर ठरव. मी ते ठरवलं नव्हतं, म्हणून तिसरं वर्ष मला फार जड गेलं.

डिचोली, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने सगळं दोनदा वाचलं, साखळीच्या ताईंचं वाचून रडली आणि मग स्वतःच म्हणाली, एकच ड्रॉप, आई, आणि फिजिक्ससाठी रोज दोन तास, जास्त नाही. नववीचं गणिताचं पुस्तक शेजारच्या मुलाकडून आणलंय. काणकोणच्या ताई, माहितीपत्रक आम्ही छापून घेतलं. आणि चोडणच्या दादा, रविवारी आम्ही दोघी रायबंदरला जातोय, ओहोटी किती वाजता आहे ते बघून.