आमचे आबा आणि सायकलची रिम

ताई, तुमच्या वडिलांनी पायमशीनवर धार लावायचं चाक बसवलं होतं, हे वाचलं आणि आमचे आबा आठवले. रावेरकडची केळी, मे-जूनच्या वादळाचा कायम धसका. १९७२ च्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच, पण हात कधी गप्प नसायचे.

मोडक्या सायकलची रिम, आरे तसेच ठेवून, तीन विटांवर मांडायचे. खाली तुराट्यांचा जाळ, वर पंधरा-वीस वांगी. देठ बाहेरच्या बाजूला, त्यामुळे फिरवताना हात भाजत नसे. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत ठेचायचं कामही त्यांचंच. आईला म्हणायचे, "तू बस वं आता." (गंजाचं विचाराल, तर रिम आधी राखेनं घासून घ्यायचे!)