आदिवासी : शब्द जुना की नवा?

'आदिवासी हा प्राचीन संस्कृत शब्द आहे' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. 'आदि' आणि 'वासी' संस्कृत आहेत, पण या अर्थाचा जोडशब्द विसाव्या शतकात रुजला. छोटा नागपूरमध्ये, म्हणजे मुख्यतः आजच्या झारखंडमधल्या पठारी भागात, 1938 साली आदिवासी महासभा स्थापन झाली आणि शब्दाला राजकीय बळ मिळालं. पुढे संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी त्याचाच आग्रह धरला. 'बनजाती' (जंगलातल्या जमाती) हा शब्द त्यांना मान्य नव्हता. संविधानात मात्र 'अनुसूचित जमाती' आलं.

काही जण 'आदिवासी'ऐवजी 'वनवासी' म्हणतात. पण 'वनवासी'त फक्त राहण्याची जागा कळते; 'आदिवासी'त इथले पहिले रहिवासी असल्याचा दावा आहे. म्हणून हे शब्द अदलाबदलीने वापरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि या समाजांनी स्वतःला दिलेली नावं? संथाळीत 'होड़', हो भाषेत 'हो'. दोन्हींचा अर्थ माणूस.