मदत हवी आहे: जीपला मिलिटरीची चाकं बसवली, पुढची घासतात

चिखल्या_केपे
बेळगावच्या एका भंगारवाल्याकडे मिलिटरीच्या लिलावातली पाच चाकं टायरसकट मिळाली. काल पुढची दोन चढवली. पाचही नट व्यवस्थित बसले, पण स्टीअरिंग पूर्ण वळवून फुल लॉक मारला की टायर आत घासतो. गॅरेजचा मेस्त म्हणतो स्पेसर घाल, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकाच्या मधे बसवतात तो जाड तुकडा. किती जाडीचे घालू? रविवारी नेत्रावळीच्या बाजूला जायचं ठरलंय, तेव्हा जरा लवकर सांगा. बाकी गाडी टकाटक आहे.

आटेवाला
गाडी कुठली? टायरचा साइज काय? आधी कुठला होता? घासतो तो स्प्रिंगच्या पाट्याला, स्टीअरिंगच्या टाय रॉडला की मडगार्डला? हे न कळता जाडी सांगायला मी ज्योतिषी नाही.

चिखल्या_केपे
जीप हो. पाट्याला घासतो.

पणजी_पार्किंग
गोव्यात बोलेरोलाही जीपच म्हणतात आणि जिप्सीलाही. आमच्या वाड्यावर तर ट्रॅक्ससुद्धा जीप. नीट सांगा.

चिखल्या_केपे
महिंद्रा एमएम ५४०. टायरवर ७.५०-१६ लिहिलंय. आधी ६.००-१६ होते. आता स्पेसरचं सांगा.

आटेवाला
मग घासणारच की! पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. ६.००-१६ ची उंची साधारण ७३० मिलिमीटर, ७.५०-१६ ची ८०० च्या वर. रुंदीही चांगली चार-साडेचार सेंटिमीटर वाढली. स्पेसरच्या आधी फुकटातला उपाय करा. पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, जिथून चाक वळतं तिथे, स्टॉपरचा बोल्ट असतो. त्याचा चेकनट सैल करून बोल्ट थोडा बाहेर काढा, म्हणजे टायर पाट्याला टेकायच्या आधीच चाक थांबेल. दोन्ही बाजूंना बघा. गाडी वळायला जास्त जागा मागेल, चोर्ला घाटाच्या वळणांवर ते जाणवेल. पण स्पेसरसारखा बेअरिंगवर बोजा पडणार नाही.

रुंदपाय
एवढा खटाटोप कशाला? मी ३० मिलिमीटरचे स्पेसर घातलेत, अजून काही झालं नाही. गाडी रुंद होते, दिसायलाही भारी.

आटेवाला
तुमचे स्पेसर स्वतःचे स्टड (नट बसतात ते आटेवाले बोल्ट) असलेले आहेत, की नुसती चकती मधे सरकवली आहे? चकती असेल तर नटाला पकड उरत नाही. स्टड जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटात शिरले पाहिजेत. ५४० च्या मूळ स्टडवर ३० मिलिमीटरची चकती चढवली तर नटाला धरायला आटे जवळजवळ उरणारच नाहीत.

रुंदपाय
स्वतःचे स्टड असलेलेच आहेत. पण तुम्हाला पुस्तक वाचून दुसऱ्याला घाबरवायची सवय आहे. मागच्या धाग्यातही तेच केलंत.

आटेवाला
मागच्या धाग्यात तुम्ही डिझेलमध्ये रॉकेल घालायला सांगितलं होतंत.

कायद्याचंबोला
दोघेही मुद्दा सोडताय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिलाय. कंपनीने ठरवलेला मूळ तपशील असा बदलता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी टायरचा साइज बघेल. आणि मिलिटरीची चाकं आली म्हणून गाडीला हिरवा रंग मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.

चिखल्या_केपे
माझी गाडी पांढरी आहे आणि पांढरीच राहणार. रंगाचं विचारलंय कोणी?

सांग्याची_सुगरण
चिखल्याबाब, मागे कुठले टायर आहेत? तुम्ही फक्त पुढच्या दोघांचं बोलताय.

चिखल्या_केपे
मागे अजून जुनेच, ६.००. सगळी चाकं एका दिवसात कशी बदलणार?

सांग्याची_सुगरण
अहो, मग ४x४ चा दांडा अजिबात ओढू नका! दांडा ओढला की पुढचा-मागचा ॲक्सल बरोबरीने फिरतो. तुमचं पुढचं चाक मागच्यापेक्षा दहा टक्के मोठं, म्हणजे एका फेरीत ते तेवढं जास्त अंतर कापू बघणार. चिखलात चाकं घसरून थोडं निभावेल, पण डांबरावर किंवा जांभ्याच्या कातळावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर येतो. दांडा अडकून बसतो, आणि मग कधीतरी आतून आवाज येतो. आमच्या यजमानांनी दुसऱ्या कारणाने एकदा ती पेटी खोलली होती, बिल बघून स्वयंपाक गोड लागेना. चारही चाकं एकाच मापाची हवीत.

चिखल्या_केपे
मागेही नवीनच घालणार होतो. पण उरलेल्या तिनांपैकी दोन चाकांना पंक्चरवाला हात लावायला तयार नाही. म्हणतो ह्या रिम वेगळ्या. मधल्या पाच भोकांच्या बाहेरून आणखी गोल नटच नट आहेत. त्यांच्यावर टायरही ६.००-१६ निघाले. ते नट मीच खोलतो आणि ट्यूब बघून घेतो. किती नंबरचा पाना लागेल?

आटेवाला
थांबा!! हात लावू नका.

ती दोन तुकड्यांची रिम आहे. ते बाहेरचे नट रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरून ठेवतात, त्यांचा गाडीशी संबंध नाही. आत हवा असताना ते सैल केले तर वरचा अर्धा तुकडा तुमच्या तोंडावर येईल. याने माणसं मेली आहेत. आधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण बाहेर काढा. नुसती दाबून फुस्स केलं म्हणजे हवा गेली असं नाही. पिन काढल्यावर व्हॉल्व्हमधून बारीक तार घालून बघा, कचऱ्याने तो बंद झालेला असू शकतो. टायर हाताने चेपला जातोय ना, हे बघून मगच पाना लावायचा. परत जोडताना एकही नट झिजलेला नको, आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं. पंक्चरवाला शहाणा आहे, त्याला चहा पाजा.

रुंदपाय
इथे मात्र आटेवाल्यांशी सहमत. आमच्याकडे ट्रकच्या रिंगेचा असाच प्रकार झाला होता. पत्र्याच्या छपराला भोक.

कुळे_ते_धबधबा
एवढा खर्च कशासाठी, ते मला कळलंच नाही. कुळ्याहून दूधसागरला जीप ओढे ओलांडून जातात, त्यांना काही मिलिटरीचे टायर नसतात. हवा थोडी कमी करा, पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवा. त्या जुन्या मिलिटरी नक्षीच्या आडव्या ठोकळ्यांमध्ये आपली लाल माती एकदा चिकटली की सुटत नाही. टायरचा गुळगुळीत लाडू होतो. आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारून बघा, मग देव आठवतो.

पणजी_पार्किंग
टायर घालून किनाऱ्यावर जाणार असाल तर सांगून ठेवतो, वाळूत गाडी घालणं गुन्हा आहे. पर्यटकांच्या गाड्या रुतलेल्या दर मोसमात बघतो.

चिखल्या_केपे
नेत्रावळी सांगे तालुक्यात आहे. तिथे समुद्र नाही.

सांग्याची_सुगरण
अभयारण्याच्या हद्दीत शिरणार असाल तर वन खात्याला आधी विचारा, नुसतं गुगल मॅप बघून आत जाऊ नका. आणि त्या मोठ्या टायरांचं साल बघितलंत का? बाजूला शेवटी चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा.

चिखल्या_केपे
तीन आहेत. पण नक्षी नव्यासारखी आहे, झिजलेली नाही.

आटेवाला
गोदामात पडून राहिलेल्या टायरची नक्षी नवीच दिसते. रबर म्हातारं होतं. बाजूची भिंत वाकवून बघा, नखाएवढ्या भेगा उघडल्या तर तो टायर झोपाळ्याला लावा. तुमच्याकडे एका मापाची चार चाकंसुद्धा नाहीत, ७.५० ची तीन आणि ६.०० ची दोन. रविवारी मूळ ६.०० वर जा. परत चढवताना डाव्या बाजूच्या नटांवर एल असं कोरलंय का बघा, काही जुन्या जीपना डावीकडे उलटे आटे असतात. मेस्त जोर लावून स्टड तोडून ठेवेल.

चिखल्या_केपे
भेगा आहेत. थोड्याच. जुने टायर परत चढवतो, पण ७.५० चं डोक्यातून गेलेलं नाही. नवीन चार घेतले तर?

रुंदपाय
घ्या. आणि स्पेसरही घ्या.

आटेवाला
घ्या, पण स्टीअरिंग जड होणार, चढाला एक गिअर खाली लागणार आणि स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ला असेल. ब्रेकचे ड्रम मात्र तेवढेच राहणार. ७.००-१६ बघा, मधला मार्ग आहे.

विलीज_वेडा
धागा उशिरा बघितला. त्या नटवाल्या दोन रिमांबद्दल विचारायचं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपला अशाच दोन तुकड्यांच्या कॉम्बॅट रिम यायच्या, १६ इंची, ४.५० रुंदीच्या, त्यावर ६.००-१६ च टायर. आत टायरला दाबून धरणारी कडी असायची, म्हणजे हवा गेली तरी टायर रिमवरून सुटत नसे. तुमच्या त्याच असतील तर मी घेतो.

चिखल्या_केपे
किती देणार?

विलीज_वेडा
आधी फोटो टाका, पुढून आणि मागून. आणि कडेला गंज किती खोल आहे तेही दिसू दे.