प्रश्न विचारणं म्हणजे उत्तर टाळणं नव्हे

शाईदौत
परवा इथे एकानं लिहिलं, ‘ज्यांना उत्तर नको असतं असे प्रश्न भाषणातून, लेखातून हद्दपार करा. सरळ विधान करा.’ दोन दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते. ‘केसरी’च्या ६ जुलै १८९७च्या अग्रलेखाचा मथळा घ्या: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर सरकारनं सगळ्या पुण्यालाच धारेवर धरलं होतं. ‘सरकार भ्रमिष्ट झाले आहे’ असं छापलं असतं तर ते एकट्या टिळकांचं मत झालं असतं. प्रश्न केला, आणि वाचणारा मनात ‘नाही’ म्हणून मोकळा झाला. शिवाय मराठीत याला प्रश्नचिन्हसुद्धा लागत नाही. ‘तो थोडाच येतोय’, ‘कुठला अभ्यास नि कुठलं काय’, ‘मी कशाला बोलू’. हे काढलं तर घरात बोलायचं कसं?

फळा_खडू
ती पोस्ट माझीच. बावीस वर्षं शिकवतोय, वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. गेल्या डिसेंबरात सतरा मुलं बोलली, त्यातल्या अकरा जणांची सुरुवात ‘आपण कधी विचार केला आहे का?’ अशी. सातवीतल्या एका मुलीनं लागोपाठ पाच प्रश्न टाकले, हात हवेत तसाच राहिला आणि पुढचं आठवेना. रडली बिचारी. भाषण लिहून देणाऱ्यानं तिला प्रश्नच दिले होते, म्हणणं काही दिलंच नव्हतं. टिळकांचं काय सांगता, त्या मथळ्यापायी त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तेवढी तयारी ठेवा आणि खुशाल विचारा.

जुनी_बखर
मथळ्यापायी नाही हो! हे ऐकून ऐकून कान किटले. राजद्रोहाचा खटला १५ जून १८९७च्या अंकातल्या मजकुरावर झाला. शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या अफझलखानवधावरच्या भाषणांचा वृत्तांत. अग्रलेख त्यानंतर तीन आठवड्यांनी आला, अटक २७ जुलैला.

फळा_खडू
तारखा मान्य. पण सरकारला झोंबला तो मथळाच.

जुनी_बखर
झोंबला असेल. आरोपपत्र झोंबण्यावर चालत नाही. नऊ जणांची ज्युरी, सहा युरोपीय ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी ‘निर्दोष’. त्यांच्यापुढे जून महिन्यातला मजकूर होता. मुलांना वर्गात हेच सांगता का तुम्ही?

फळा_खडू
माझ्या वर्गात शिरायचं कारण नाही. तुम्ही आत्ता विचारलात तो प्रश्नही उत्तरासाठी नव्हताच, मला खाली बसवण्यासाठी होता. मी म्हणतोय ते हेच.

चुलीपुढची
सर इथे बरोबर आहेत. शाईदौतताई, तो मथळा आमच्या घरी रोज ऐकू यायचा. ‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’ दूध उतू गेलं की सासूबाई म्हणायच्या. ‘माहेरी काही शिकवलंय का?’ याला उत्तर देताच येत नाही. ‘हो’ म्हटलं तर उलट बोलते, गप्प बसलं तर कबूल. अकरा वर्षं मी ओटा पुसत गप्प राहिले. तुम्ही त्याला शैली म्हणता, मला अजून छातीत धडधडतं.

शाईदौत
हे वाचून थांबले. मला वाटतं फरक इथेच आहे. टिळक सरकारला विचारत होते, वरच्याला. खालच्याला विचारला की तोच प्रश्न थप्पड होतो. म्हणून हत्यार टाकून द्यायचं, हे मात्र मला पटत नाही.

वऱ्हाडी_माणूस
तुम्ही सगळे गाडगेबाबांना विसरलात. आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं, ते सांगायचे, बाबा प्रश्न टाकून थांबायचे. गावानं तोंडानं उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. कर्ज काढून सण करणारा माणूस स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करायचा. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक, फक्त कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. त्या सातवीतल्या पोरीच्या प्रश्नांना समोर कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून ते पडले.

फळा_खडू
थांबायचं, हे पटलं. माझी मुलं थांबत नाहीत, प्रश्नावर प्रश्न ओततात. ‘हद्दपार’ हा शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट कायम. यंदा सुरुवातीलाच ‘आपण कधी विचार केला आहे का’ आलं की दोन गुण कापणार. मधे आला तर ऐकून ठरवीन.

जुनी_बखर
आणि १५ जून?

फळा_खडू
सोमवारी नववीला सांगतो.