मदत हवी आहे : जुना लिन एलपी१२ की नवा टेक्निक्स? विलंबित ख्यालाच्या कसोटीवर टर्नटेबल कसा पारखावा?

नमस्कार. गिरगावातल्या एका जुन्या, लाकडी तुळयांच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याकडच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका हिंदुस्थानी कंठसंगीताच्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या एलपी आहेत. आजोबांच्या संग्रहातून आलेल्या ७८ फेऱ्यांच्या काही लाखेच्या तबकड्याही आहेत. सध्याचा साधा टर्नटेबल बाजूला ठेवून पुढची अनेक वर्षे पुन्हा बदलावा लागणार नाही असा एकच घ्यायचे ठरवले आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पर्याय दोन आहेत. पुण्यातल्या एका परिचित गृहस्थांनी इंग्लंडहून परतताना आणलेला ऐंशीच्या दशकातला लिन सोंडेक एलपी१२, लिनचाच व्हालहाला नावाचा वीजपुरवठा आणि इटोक आर्म (सुई धरणारा दांडा) यांसह, विकायला काढला आहे. दुसरा पर्याय म्हणजे नवा कोरा टेक्निक्स एसएल-१२००जीआर. कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुईची कंपने विजेत बदलणारा भाग) धरून दोहोंचा खर्च माझ्या आवाक्याच्या टोकाला, पण जवळपास सारखाच येतो. दोन्ही घराण्यांचा जन्म एका वर्षाच्या अंतराने झालेला आहे (पहिला एसएल-१२०० जपानमध्ये १९७२ साली आला आणि एलपी१२ ग्लासगोमध्ये १९७३ साली), तरी विचार मात्र अगदी उलट. लिनमध्ये मोटर पट्ट्याने थाळी (जिच्यावर तबकडी ठेवतात ती) फिरवते आणि थाळी व आर्म ज्या उपचौकटीवर बसवलेले असतात ती तीन स्प्रिंगांवर तरंगत असते. टेक्निक्समध्ये पट्टा नाहीच, थाळी थेट मोटरच्या आसावर बसते आणि क्वार्ट्झ स्फटिकाच्या स्थिर कंपनांवर चालणारे नियंत्रण तिचा वेग क्षणोक्षणी तपासत राहते. टेक्निक्सचे उत्पादन २०१० साली थांबले होते. २०१६ पासून जी नवी मालिका सुरू झाली तिच्यात लोखंडी गाभा नसलेली मोटर वापरून थेट चालीतले सूक्ष्म हिसके काढून टाकल्याचे कंपनी सांगते.

मी जी परीक्षणे वाचली त्यांत खर्जाची खोली, वाद्यांची मांडणी, ठेक्याची पकड अशा गोष्टींवर पानेच्या पाने आहेत. ती खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही, पण दोन टर्नटेबलांवर दोन निराळी कार्ट्रिजे असतील तर त्या वर्णनातला किती भाग यंत्राचा आणि किती कार्ट्रिजचा, हे कोणी सांगावे? कार्ट्रिज आवाजाचा पोत बदलते. स्वराची उंची मात्र बदलू शकत नाही. ती पूर्णपणे थाळीच्या वेगावर अवलंबून असते. आपल्या संगीतात नेमके तेच सर्वांत आधी कानाला खटकते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात सूर सतत बदलत असल्याने किंचित हेलकावा झाकला जातो. विलंबित ख्यालात मागे तानपुरा अखंड चालू असतो, गायक षड्जावर किंवा गंधारावर दीर्घ काळ थांबतो आणि अशा वेळी स्वर जरासा जरी डुलला तरी तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा उतरल्यासारख्या वाटतात. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला तर काळी एकचे गाणे थेट पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धस्वर वर, जाते, हे सर्वांना माहीत आहे. तेवढी चूक आज कोणत्याही बऱ्या यंत्रात नसते. माझी काळजी अर्ध्या टक्क्याच्या आतल्या, एका फेरीत एकदा येणाऱ्या हेलकाव्याची आहे.

अडचण अशी की असा हेलकावा तबकडीचे भोक मध्यभागी नसले तरीही येतो, आणि माझ्या जुन्या एलपींमध्ये तसे नमुने बरेच आहेत. पुण्याला जाऊन दोनेक तास ऐकायला मिळतील. तेवढ्या वेळात तबकडीचा दोष कोणता आणि यंत्राचा कोणता, हे कसे ओळखावे? ट्यूबलाइटखाली रेघांची स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्यात जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) ठेवून पाहिले तर पुरेल का? शिवाय त्या गृहस्थांचे घर तळमजल्यावर, पक्क्या फरशीचे आहे. तिथे स्प्रिंगांवरचा टर्नटेबल शांत राहिला म्हणून माझ्या लाकडी जमिनीवरही तो तसाच राहील असे कसे मानावे?

प्रतिसाद

तुमची कसोटी योग्य आहे आणि सुदैवाने दोन दोष वेगळे करण्याचा एक साधा, कानाने करता येण्याजोगा उपाय आहे. समजा भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले आहे. मध्यापासून १०० मिलिमीटर अंतरावरच्या खाचेत त्याने वेगात दोन्ही बाजूंना ०.५ टक्के फरक पडेल, म्हणजे अर्धस्वराचा साधारण बारावा भाग. तीच तबकडी शेवटाकडे, ६० मिलिमीटरवर आली की फरक ०.८ टक्क्यांच्या वर, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या भागाइतका होतो. थोडक्यात, भोकाचा दोष आत जाताना वाढतो. थाळीच हेलकावत असेल तर बाहेरची खाच आणि आतली खाच सारखीच डुलते. म्हणून एकच लांब ख्याल असलेली बाजू निवडा, सुरुवातीची आलापी आणि शेवटाजवळचा एखादा दीर्घ स्वर पाठोपाठ ऐका, आणि डोळे आर्मच्या टोकावर ठेवा. भोक सरकलेले असेल तर ३३⅓च्या वेगाला दर १.८ सेकंदांनी आर्म डावी-उजवीकडे झुलताना स्पष्ट दिसतो. या झुलण्याने नवे यंत्रही सुटत नाही. जीआरचा वेगदोष ०.०२५ टक्के असल्याचे कंपनी सांगते, पण तबकडीच त्याच्या कितीतरी पट डुलत असेल तर तो आकडा कागदावरच राहतो. ऐंशीच्या दशकात नाकामिचीने तबकडी आपोआप मध्यावर आणणारा टर्नटेबल काढला होता, तो याच दुखण्यावर.

स्ट्रोब चकतीबद्दल सावध राहा. ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या पद्धतीचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓साठी चकतीवर १८० रेघा असतात. पण मोटर जर थेट त्याच विजेवर चालणारी असेल तर वारंवारिता घसरली की दिवा आणि मोटर दोघेही मिळून घसरतात आणि रेघा निमूट उभ्या दिसतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे वारंवारिता ४९ हर्ट्झच्याही खाली जात असे. तेव्हा गाणे अर्धस्वराच्या तिसऱ्या भागाने उतरलेले आणि स्ट्रोब मात्र ‘सर्व ठीक’ म्हणतो आहे, असा प्रकार चालायचा. व्हालहालाचे उलट आहे. तो क्वार्ट्झ स्फटिकावरून स्वतःचे ५० हर्ट्झ तयार करतो आणि दिवा मात्र बाहेरच्या विजेवरच असतो, त्यामुळे रेघा किंचित सरकल्या तर दोष विजेचा असू शकतो, यंत्राचा नव्हे. बॅटरीवर चालणारा क्वार्ट्झ स्ट्रोब मिळाला तर तोच न्या. बहुतेक एलईडी दिव्यांखाली ही तपासणी नीट होतच नाही.

लाकडी जमिनीची शंका रास्त आहे. माणूस चालल्यावर अशी जमीन ज्या संथ गतीने हलते, ती स्प्रिंगांच्या स्वतःच्या गतीच्या जवळ असते, आणि मग पाऊल पडले की सुई उडी मारते. टेक्निक्स याबाबतीत अधिक सोशिक आहे. लिनच घ्यायचा असेल तर जाड विटांच्या भिंतीत बसवलेली हलकी, ताठ फळी हा एकच खात्रीचा उपाय. तुमच्या इमारतीतली ती भिंत खरोखर विटांची आहे की लाकडी सांगाड्यावरचा गिलावा, हे आधी ठोकून पाहा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आतल्या-बाहेरच्या खाचेची युक्ती मला सुचली नसती. भिंत तपासली, रस्त्याकडची भिंत विटांची आणि चांगली जाड आहे, तेव्हा लिन अजून बाद झालेला नाही. आता दोन गोष्टी राहतात. ७८च्या तबकड्यांचे काय करावे? आणि पुण्याहून तो मुंबईला आणताना काय जपावे?

प्रतिसाद

एलपी१२ ७८च्या वेगाने फिरत नाही, त्यामुळे त्या तबकड्यांपुरता प्रश्न टेक्निक्सच्या बाजूने सुटतो. जीआरवर तो वेग आहेच, शिवाय वेग कमी-जास्त करण्याची सरकती कळही आहे. जुन्या काळी सगळ्या तबकड्या काटेकोर ७८ला मुद्रित होत नसत, म्हणून गायकाची पट्टी माहीत असेल तर तिच्याशी जुळवून घेता येते. सुई मात्र वेगळी हवी. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉनची असते आणि लाखेच्या रुंद खाचेला त्याच्या जवळपास चौपट जाडीची लागते. पातळ सुई तळाशी घासत जाते आणि खरखरीखेरीज फारसे काही ऐकवत नाही. थोड्याच तबकड्यांसाठी निर्णय फिरवावा असे मला वाटत नाही. तुमचा सध्याचा टर्नटेबल ७८ला फिरत असेल तर त्यालाच जाड सुई लावून ठेवा.

वाहतुकीबद्दल : थाळीचे दोन्ही भाग आणि पट्टा काढून वेगळे बांधावेत, आर्म त्याच्या आधाराला बांधावा, आणि यंत्र पूर्ण वेळ आडवे, सरळ ठेवावे, कारण आसाच्या विहिरीत तेल असते आणि यंत्र कलंडले की ते बाहेर येते. मुंबईत आल्यावर तेल आणि पट्टा नवा घालून तिन्ही स्प्रिंगा पुन्हा जुळवाव्या लागतील. उपचौकट हलकेच दाबून सोडली तर ती न डगमगता सरळ खाली-वर व्हायला हवी. पुण्यात ऐकतानाच हे एकदा करून पाहा. आणि व्हालहालाची सर्किटची पाटी उघडून दाखवायची विनंती अवश्य करा. चाळीस वर्षांचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फुगलेले किंवा भोवतीची पाटी उष्णतेने तपकिरी झालेली दिसली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावी.