‘गोय’ म्हणजे जनावर नव्हे! (कालच्या प्रतिसादाला सविस्तर उत्तर)

खारेपाट
काल दुसऱ्या धाग्यावर ‘नदीकाठ’ यांनी लिहिलं की ‘गोय’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ गुरंढोरं, ज्यू लोक तुम्हाआम्हाला जनावरं समजतात, आणि हे त्यांच्या धर्मग्रंथातच आहे. खाली लोकांनी ‘सहमत’चा रतीब घातला. तिथे दोन ओळी लिहून भागणार नाही म्हणून हा वेगळा धागा.

हिब्रूत जनावराला ‘बहेमा’ म्हणतात, गुरांना ‘बाकार’. ‘गोय’ म्हणजे राष्ट्र, लोकसमूह, अनेकवचन ‘गोयिम’. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की तुझ्यापासून मोठं राष्ट्र करीन. तिथे शब्द आहे ‘गोय गादोल’. निर्गम १९:६ मध्ये सीनायच्या पायथ्याशी जमलेल्या इस्राएल लोकांना ‘गोय कादोश’, म्हणजे पवित्र राष्ट्र, म्हटलंय. मग देवाने त्यांना ‘पवित्र गुरं’ म्हटलं का? यशया २:४ मध्ये एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रावर तलवार उचलणार नाही असं आहे, तिथेही दोन्ही वेळा ‘गोय’च. शब्द त्याहून जुना असावा. युफ्रेटिसकाठच्या मारी नगरात सापडलेल्या इ.स.पू. १८व्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर ‘गायुम’ येतो, टोळी किंवा कुळ या अर्थाने.

मी अलिबागचा. इस्रायल आळीत, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या वस्तीत, माझं अर्धं बालपण गेलं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना आपल्याच लोकांनी ‘शनवार तेली’ नाव दिलं, त्यांच्या घरचा मलिदा खाऊन मी वाढलोय. आम्हाला जनावर समजणाऱ्या घरात आम्हाला ताटावर बसवलं नसतं. म्हणून राग आला, आणि तो लपवत नाही.

नदीकाठ
राग समजला. पण डिक्शनरी उघडून दुखणं जात नाही. मूळ अर्थ राष्ट्र असेल, मान्य करायला हरकत नाही. आज तो कसा वापरतात ते बोला. रोज सकाळच्या प्रार्थनेत ‘मला गोय केलं नाहीस’ म्हणून देवाचे आभार मानतात, हे खोटं आहे का?

आणि मी फॉरवर्डवर जगत नाही. नऊ वर्षं न्यू जर्सीत काढली. माझ्या पुतण्याचं एका ज्यू मुलीशी जमलं होतं. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर मुलीची आत्या स्वयंपाकघरात बहिणीला म्हणाली, “मुलगा चांगला आहे, पण शेवटी गोय.” तिला वाटलं आम्हाला कळणार नाही. पुतण्याला कळलं. तो घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. पुढे ते मोडलं. त्या रात्री त्याला उत्पत्तीचा १२वा अध्याय वाचून दाखवायला हवा होता का?

शब्दवेडी
दोघंही अर्धं बरोबर बोलताय.

खारेपाट, तुम्ही सोयीची वचनं घेतलीत. तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या बायबलमध्ये, ‘गोय’ हा नेहमी समूह असतो, एकटा माणूस कधीच नाही. परक्या माणसाला तिथे ‘नोख्री’ म्हणतात, आश्रयाला राहिलेल्याला ‘गेर’. इजिप्शियन, मवाबी, अदोमी अशी वेगवेगळी नावं आणि प्रत्येकासाठी वेगळे नियम. पुढे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, वाङ्मयात हे सगळे भेद पुसले गेले. एक बाजूला ज्यू, दुसऱ्या बाजूला उरलेलं अख्खं जग, आणि त्या जगातला कुणीही एकटा माणूस म्हणजे ‘गोय’. आदी ओफिर आणि ईशाय रोझन-त्स्वी हे इस्रायली अभ्यासक नेमकं हेच मांडतात, आणि बायबलच्या नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत या दुफळीची चाहूल लागते असंही म्हणतात. तेव्हा ‘अर्थ फक्त राष्ट्र’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

नदीकाठ, प्रार्थनेचं खरं आहे. पण काही पोथ्यांत तिथे ‘गोय’ऐवजी ‘नोख्री’ आहे, आणि आज अनेक ठिकाणी ‘मला इस्राएल केलंस’ असं म्हणतात. युरोपात छापलेल्या ग्रंथांत सेन्सॉरच्या धाकाने ‘गोय’ काढून ‘अकुम’, म्हणजे ग्रहताऱ्यांचे पूजक, असा शब्द घालत. हा शब्द लोकांना टोचतो हे त्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. हिब्रू ‘गोयिम’चं ग्रीक भाषांतर झालं ‘एथ्ने’, लॅटिन ‘गेंतेस’, त्यावरून इंग्रजी ‘जेंटाइल’. तोच लॅटिन शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी ‘जेंतियु’ झाला आणि गोव्यात उतरला. मुसलमान ते ‘मोरु’, हिंदू ते ‘जेंतियु’. इंग्रजांनी त्याचं ‘जेंटू’ केलं. १७७६ मध्ये हॅलहेडने हिंदू कायद्यांचं जे इंग्रजी पुस्तक छापलं त्याच्या नावातच ‘जेंटू’ आहे. माझं आजोळ फोंड्याचं. माझ्या पूर्वजांना सरकारदरबारी ‘गोय’च म्हटलं गेलं, फक्त ते म्हणणारे ज्यू नव्हते. आणि त्याच राज्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लपूनछपून ज्यू धर्म पाळणाऱ्यांनाही जाळलं.

देशावरचा
थोडं अवांतर. एवढं लांब कशाला जाताय? ‘घाटी’ बघा. घाटावर राहणारा तो घाटी, शब्दात वाईट काही नाही. १९९४ साली मी साताऱ्याहून मुंबईला नोकरीला आलो. पहिल्याच आठवड्यात डब्याच्या टेबलावर ऐकलं, “ए घाटी, तिकडे बस.” म्हणणारे मराठीच होते, कोकणातले. खारेपाट, तुमच्याकडचेच.

खारेपाट
आमच्याकडे घाटी म्हणजे घाटावरचा, बस्स. माझी आजी “घाट्यांचा गूळ आणलाय” म्हणायची तेव्हा कौतुकच करायची. उगाच नसलेला अपमान काढू नका.

देशावरचा
तुमच्या आजीच्या गुळाचं मला काय करायचंय? “तिकडे बस”मध्ये गूळ नव्हता. तुम्हाला तो शब्द कधी चिकटला नाही म्हणून तुम्हाला तो साधा वाटतो. नदीकाठना इतका वेळ तुम्ही हेच ऐकवताय.

शब्दवेडी
गोव्यातही म्हणतात, आणि तिथे तो निव्वळ हिणवण्यासाठीच असतो. मी स्वतः लहानपणी वापरलाय, शेजारच्या बांधकामावर आलेल्या मुलांना. आई ओरडली नव्हती. आज त्याची लाज वाटते.

खारेपाट
बरं. ‘घाटी’बद्दल मी घाईने बोललो. टेबलावर जे झालं ते वाईटच होतं. पण इथे प्रश्न ‘गोय’चा आहे आणि जनावराचा दावा खोटाच आहे. तिथून मी हलणार नाही.

देशावरचा
तीस वर्षांनी एका कोकणी माणसाने एवढं म्हटलं. पुरे आहे.

अश्दोदकर
बराच वेळ वाचतेय. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आजोबा रेवदंड्याचे, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. घरात अजून मराठी चालते.

इथे ‘गोय’ मी रोज ऐकते. बहुतेक वेळा साधा शब्द असतो, ‘शेजारचे गोयिम आहेत’ म्हणजे ज्यू नाहीत, एवढंच. पण माझा भाऊ शनिवारी गाडी चालवतो, त्याला माझे सासरे ‘गोय गामूर’ म्हणतात, पक्का गोय. ज्यू माणूस ज्यू माणसाला म्हणतो! तेव्हा हा शब्द नुसता रक्ताचा राहत नाही, तुम्ही धर्म किती पाळता त्याचा होतो. नदीकाठ, तुमच्या पुतण्याच्या बाबतीत मात्र तो रक्ताचाच होता. ती आत्या चुकली.

आता आमचं सांगते. १९६२ मध्ये मुख्य रब्बींकडून सूचना निघाली की बेने इस्राएलांनी इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. माझे आईवडील लग्नाची नोंद करायला गेले तेव्हा समोरच्या माणसाने आईला तिच्या पणजीचं नाव विचारलं आणि ती ज्यू होती याचा पुरावा मागितला. आई नागावची. कोकणातल्या खेड्यात पणजीचा कागद कुणाकडे असतो? घाणा, शनिवार, सुंता, ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, हाच आमचा पुरावा. “म्हणजे मी गोय का?” असं आईने मराठीतच विचारलं, त्याला कळलं नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. आई ते कात्रण देवाच्या पुस्तकात ठेवायची.

आणि आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. कोकणात आमच्यातच ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ होते. ज्यांची आई बाहेरची ते काळे. पंगत वेगळी, लग्न नाही. माझ्या आजीने एका काळ्या इस्रायल बाईच्या हातचं पाणी घेतलं नाही, हे आईनेच मला सांगितलं.

नदीकाठ
अश्दोदकर ताई, हे मला ठाऊक नव्हतं. पुतण्याला तुमचा प्रतिसाद पाठवतोय.

गुरंढोरांचं वाक्य कालच्या प्रतिसादातून काढून टाकलं आहे. ते मी तपासलं नव्हतं, एका ग्रुपवर आलेलं तसंच चिकटवलं. खारेपाट, तेवढं तुमचं बरोबर. पण शब्द निर्मळ आहे हे मी मानणार नाही.

खारेपाट
निर्मळ आहे असं शब्दवेडींचं वाचल्यावर मीही म्हणणार नाही. वाक्य काढलंत, आभार.

अश्दोदकर, नागावला तुमच्या आईचं घर कुठल्या बाजूला होतं? माझी मावशी तिथेच असते.

अश्दोदकर
समुद्राच्या बाजूला, वाडीत विहीर होती आणि विहिरीपाशी रायवळ आंबा. घर आता पडलं असेल. मावशींना विचारून सांगाल का?